बंद झालेल्या कंपनीची सेकंड हँड बाईक: धंद्यासाठी घ्यावी का?



आजचा विषय नालवाडीच्या एका भावाच्या प्रश्नातून आलाय. हा भाऊ घरी हळद, तिखट, धनेपूड दळून पॅकिंग करतो. सध्या माल वर्ध्यातल्या आठ-दहा किराणा दुकानांत जातो, आता त्याला सेलू, देवळी, पवनारकडची दुकानं जोडायची आहेत. त्यासाठी गाडी पाहिजे. हातात एकूण चाळीस हजार. एक साधी, चालू कंपनीची जुनी बाईक ३५ हजारांत मिळतेय. दुसरी दिसायला तिच्यापेक्षा चकाचक, कमी चाललेली, पण कंपनीने ती बाईक बनवणं केव्हाच थांबवलंय. ती १५ हजारांत. भाऊ म्हणतो, "सर, वीस हजार वाचतात. त्यात मी सीलिंग मशीन घेतो आणि उरलेला कच्चा माल भरतो. घेऊन टाकू का?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. भांडवल कमी असताना वीस हजार म्हणजे चेष्टा नाही. म्हणून "जुनी गाडी घेऊच नका बाबा" असलं उत्तर मी देणार नाही. बंद ब्रँडच्या गाडीवर चांगला धंदा करणारे लोक आहेत, आणि बंद ब्रँडच्या गाडीने ज्यांचा धंदाच बंद पाडला असेही आहेत. फरक कुठे पडतो, ते बघू.

आधी हे समजून घ्या: "बंद" म्हणजे नेमकं काय बंद?

टाकीवरचं नाव बंद होणं आणि गाडीचे पार्ट बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या डोळ्यासमोर रोज फिरतंय. हिरो होंडा. हा ब्रँड आज अस्तित्वात नाही. डिसेंबर २०१० मध्ये दोन्ही कंपन्यांनी वेगळं व्हायचं जाहीर केलं, २०११ मध्ये नाव बदलून हिरो मोटोकॉर्प झालं. म्हणजे कागदावर बघितलं तर "हिरो होंडा स्प्लेंडर" ही बंद झालेल्या ब्रँडची गाडी! पण १९९४ ला आलेली स्प्लेंडर नव्या नावाखाली चालूच राहिली, त्यामुळे तिची क्लच प्लेट आजही तालुक्याच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. नाव गेलं, साखळी राहिली.

बजाजची बॉक्सर घ्या. कावासाकी बजाज म्हणून ती आपल्याकडे आली. भारतातल्या शोरूममधून बॉक्सर हे नाव गेलं, पण तिच्या इंजिनाचा वंश सीटी १०० मध्ये पुढे चालला, आणि बॉक्सर नावाची गाडी बजाज आजही आफ्रिकेत विकते. अशा गाडीचा ब्लॉक-पिस्टन शोधताना मेकॅनिकला घाम फुटत नाही.

आता उलटी बाजू. एलएमएल. कानपूरची कंपनी, एकेकाळी स्कूटरमध्ये बजाजला टक्कर देणारी. पुढे त्यांनी फ्रीडम नावाची मोटरसायकल काढली. गाडी वाईट नव्हती, चालवणारे आजही तारीफ करतात. पण २००६ मध्ये कारखान्यात टाळेबंदी झाली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघून मोडीत काढायचा आदेश झाला. फ्रीडमचं इंजिन पुढे दुसऱ्या कोणाच्या गाडीत चाललं नाही. इथे नाव आणि साखळी दोन्ही गेलं.

म्हणून गाडी बघायला गेलात की पहिला प्रश्न "कंपनी बंद आहे का?" हा विचारू नका. विचारा, "या इंजिनाचा भाऊ आज रस्त्यावर कोणत्या नावाने फिरतोय?" भाऊ असेल तर पुढे बोला. नसेल तर किंमत अजून बरीच खाली यायला पाहिजे.

आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट

याबाबतीत कायनेटिकची गोष्ट प्रत्येक नवउद्योजकाने माहीत करून घ्यावी. फिरोदियांची कंपनी, अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) कारखाना. १९७२ ला लूना आली. पन्नास सीसीचं ते छोटं वाहन, पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी जायचं. दूधवाले, पेपरवाले, शिक्षक, विमा एजंट, सगळ्यांची गाडी. ज्यांना स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबणं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी लूना म्हणजे धंद्याची चाकं होती.

१९८४ ला होंडाबरोबर भागीदारी झाली आणि कायनेटिक होंडा आली. बटण स्टार्ट, गिअरच नाही. १९९८ ला होंडा बाहेर पडली. त्यानंतर कायनेटिकने मोटरसायकलीही काढल्या: चॅलेंजर, बॉस, जीएफ १७०. आठवतात? विदर्भात अजून एखादी बॉस कुठल्यातरी गोठ्यात ताडपत्रीखाली सापडते. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकीचा धंदा महिंद्राने घेतला. महिंद्राने २०१० ला स्टॅलिओ आणि २०१३ ला सेंच्युरो या मोटरसायकली काढल्या. सेंच्युरो बऱ्यापैकी खपली, मायलेज चांगलं, किल्लीत चक्क टॉर्च! पण पुढे काही वर्षांत महिंद्राने साध्या मोटरसायकलींचा नाद सोडला आणि समूहाचं लक्ष जावाकडे वळलं.

आता विचार करा. १९९८ नंतर कायनेटिकची मोटरसायकल घेतलेल्या माणसाने दहा वर्षांत आपल्या गाडीच्या मागचा मालक बदललेला बघितला. नंतर महिंद्राची घेतलेल्या माणसाने तेच बघितलं. दोन्ही वेळा नावं मोठी, घराणी मोठी. मोठ्या नावाची कंपनी आहे म्हणून पार्ट कायम मिळत राहतील हा हिशोब चालत नाही. कंपनी जिवंत असते, पण त्या गाडीत तिचा जीव उरलेला नसतो.

आणि ब्रँड परत आला म्हणून नाचायचंही कारण नाही. म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ ला बंद पडला. नोव्हेंबर २०१८ ला जावा परत आली, जानेवारी २०२२ ला येझदी. लूना २०२४ मध्ये बॅटरीवरची होऊन परत आली. पण शोरूम परत उघडलं म्हणजे तुमच्या जुन्या येझदीचा क्रँक तिथे मिळेल असं नाही. नवी गाडी पूर्णपणे वेगळी आहे, सारखं आहे ते टाकीवरचं नाव. विकणारा दलाल मात्र छाती ठोकून सांगतो, "अरे भाऊ, कंपनी चालू झाली ना परत!" ऐकून घ्यायचं, हसायचं, आणि किंमत कमी करायला सांगायची.

पार्टचे तीन ढीग

कोणतीही जुनी गाडी समोर आली की मनात तिचे पार्ट तीन ढिगांत टाका.

पहिला ढीग: जे पार्ट गाडीचे नसतातच, बाजाराचे असतात. टायर, ट्यूब, बॅटरी, बल्ब, स्पार्क प्लग, तेल, नट-बोल्ट. बेअरिंगसुद्धा यातच. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. चाकाच्या बेअरिंगच्या कडेवर नंबर छापलेला असतो, ६२०१, ६२०२, ६३०१ असा. हा नंबर जगभर एकच माप सांगतो. त्याला तुमची कंपनी चालू की बंद याच्याशी घेणंदेणं नाही. विहिरीच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानातही तो मिळून जाईल. ऑइल सीलचंही तसंच, आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी सांगा.

दुसरा ढीग: जे मिळत नाहीत पण करून घेता येतात. ब्लॉक घासला तर लेथवाल्याकडे बोअर करून दुसऱ्या गाडीचा जवळच्या मापाचा पिस्टन बसवता येतो, नाहीतर लायनर टाकता येतो. ब्रेक लायनर परत चिकटवून मिळतात. क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल बनवून मिळते. पॅकिंग शीटमधून कापता येतं. यासाठी फक्त एक गोष्ट लागते: तुमच्या जवळ हे करणारा जुना, हात चालणारा मिस्त्री. आणि तो साठीच्या पुढचा असेल तर त्याच्यानंतर कोण, हेही बघा. मी मस्करी करत नाही, धंद्याचं अवलंबित्व असंच मोजायचं असतं.

तिसरा ढीग: जे मिळत नाहीत आणि करताही येत नाहीत. सीडीआय युनिट, मॅग्नेट कॉइल, गिअर सेट, डिजिटल मीटर, वायरिंगचा पूर्ण संच, हेडलाइटचं प्लास्टिक, लॉक सेट. गाडी ज्या दिवशी कायमची उभी राहते त्या दिवशी कारण बहुतेक वेळा याच ढिगातलं असतं.

आता यातली गंमत लक्षात आली का? आपल्याला वाटतं, बंद ब्रँडमधली नवी गाडी जुन्यापेक्षा बरी. पण गाडी जितकी नवी तितका तिसरा ढीग मोठा. जुन्या राजदूतमध्ये इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच. पॉइंट घासला की पॉलिश पेपर मारायचा, चालू. त्याउलट जिच्या किल्लीतच चोरीविरोधी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, अशा गाडीची किल्ली बाजारात हरवली आणि डीलर बंद झालेला असला, तर? गाडी धडधाकट, इंजिन ठणठणीत, आणि तुम्ही तिला ढकलत घरी आणताय. म्हणून चकाचक दिसते, डिजिटल मीटर आहे, यावर भुलू नका. बंद ब्रँडमध्ये जितकं साधं तितकं चांगलं.

पण थांबा, राजदूत किंवा येझदी घ्या असंही मी म्हणत नाहीये. त्या टू-स्ट्रोक. पेट्रोल पितात. पुढे हिशोब येतोय.

थांब-दिवसाचा हिशोब

आता वही काढा. आपल्या नालवाडीच्या भावाचे आकडे धरू. समजा तो रोज ५,००० चा माल दुकानांना टाकतो आणि त्यात त्याला २० टक्के सुटतात. म्हणजे गाडी चालली तर दिवसाला १,००० रुपये.

दोन गाड्यांच्या किमतीत फरक किती? २०,०००.

२०,००० भागिले १,००० = २० दिवस.

हे वीस दिवस म्हणजे तुमची सगळी बचत. ती स्वस्तातली गाडी जितके दिवस वापरणार आहात त्या सगळ्या काळात, चालू कंपनीच्या गाडीपेक्षा एकूण वीस दिवस जास्त थांबली की तुमचे वीस हजार संपले. त्यानंतर थांबलेला प्रत्येक दिवस तुमच्या खिशातून.

वीस दिवस खूप वाटतात. पण बंद ब्रँडचा तिसऱ्या ढिगातला एक पार्ट गेला की काय होतं बघा. वर्ध्यात विचारलं, नाही. मिस्त्री म्हणतो नागपूरला बघा. पाऊणशे किलोमीटर, एसटीने एक दिवस गेला. तिथेही नाही. मग कोणीतरी पुण्याच्या नाना पेठेतला नंबर देतं, कोणी दिल्लीच्या करोल बागेतला. फोटो पाठवा, अ‍ॅडव्हान्स टाका, कुरिअरची वाट बघा. आलेला पार्ट बसेल याची खात्री नाही. आठ दिवस कुठेच गेले नाहीत. असं दोन-तीनदा झालं की वीस दिवस आटोपले.

आणि हा फक्त मार्जिनचा हिशोब झाला. देवळीच्या दुकानदाराकडे तुम्ही आठ दिवस गेला नाहीत तर तुमच्या हळदीची जागा तो रिकामी ठेवणार आहे का? वर्ध्यात हळदीची काय कमी, वायगावच्या हळदीला तर जीआय मानांकन आहे. दुसऱ्याचं पाकीट तिथे लटकलं की परत ती जागा मिळवायला तुम्हाला स्कीम द्यावी लागते. नवीन धंद्यात हे नुकसान पार्टच्या किमतीपेक्षा मोठं असतं.

टू-स्ट्रोक घेणार असाल तर पेट्रोल वेगळं मोजा. रोज ६० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १,५०० किलोमीटर. एक गाडी लिटरला ५५ देते, दुसरी ४०. पहिलीला महिन्याला सव्वासत्तावीस लिटर, दुसरीला साडेसदतीस. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला हजाराच्या वर फरक. वर्षाला जवळपास तेरा हजार. वीस हजारांची बचत दीड-दोन वर्षांत नुसती धुरात जाते, गाडी एक दिवस बंद न पडता.

आता हाच हिशोब दुसऱ्या माणसाला लावून बघू. समजा एक ताई घरी शेवया-पापड करतात, आठवड्यातून एकच दिवस माल पोचवायला जातात, गाडी बंद असली तर एसटीने पिशव्या घेऊन जाता येतं. त्यांचा थांब-दिवस जवळजवळ फुकट आहे. त्यांनी १५ हजारांची गाडी घेतली तर ते शहाणपणाचं आहे! वाचलेल्या पैशात त्यांचं मशीन येतं. एकच गाडी, पण एकाला महाग आणि एकाला स्वस्त. म्हणून "ही गाडी चांगली का?" असं मला विचारू नका, तुमचा थांब-दिवस किती रुपयांचा आहे ते सांगा.

भावाला मी हेच सांगितलं. रोजची लाइन चालवणार असशील तर ३५ हजारांची साधी गाडी घे आणि सीलिंग मशीन दोन महिने पुढे ढकल. माल आज मेणबत्तीवर सील करूनही विकता येतो, उद्या गाडीशिवाय पोचवता येणार नाही.

टोकन द्यायच्या आधी

तरीही गाडी घ्यायचीच ठरली, तर टोकन द्यायच्या आधी एक दिवस खर्च करा. तुमच्या मिस्त्रीकडून त्या गाडीच्या पाच पार्टची नावं लिहून घ्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातली. साधारण अशी: क्लच प्लेट, सीडीआय, पिस्टन-रिंग, चेन सॉकेट, अ‍ॅक्सिलरेटर केबल. ती चिठ्ठी घेऊन वर्ध्यातली तीन दुकानं फिरा. "मिळतं" हे उत्तर घेऊ नका. "मिळतं" सगळेच म्हणतात. "आत्ता काढून दाखवा" म्हणा. पाचपैकी चार हातात आले तर गाडीचा विचार करा. दोन आले तर किंमत अर्धी करा. एकही नाही तर चहा पिऊन घरी.

विकणाऱ्याकडे जाताना सकाळी लवकर जा आणि आधीच सांगा, गाडी चालू करून ठेवू नको. थंड इंजिन पहिल्या दोन-तीन किकमध्ये काय बोलतं ते खरं. फोर-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर तेल जळतंय, म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हचं काम. हँडल दोन्ही बाजूंनी सावकाश फिरवा, मध्ये अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट गेलाय. टाकीत टॉर्च मारून गंज बघा. गोठ्यात वर्षभर उभ्या असलेल्या गाडीत हे हमखास असतं. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, वॉशर त्यासाठी बनलेले नव्हते. म्हणून पेट्रोल पाइप आणि कार्बोरेटरचा रबरी सामान हे घेतल्या घेतल्या बदलायचं, त्याचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

जिथे नालवाडीला एकेकाळी मेलेल्या जनावराचं कातडंसुद्धा वाया जाऊ नये म्हणून चर्मालय चालवलं गेलं, तिथल्या माणसाला जुनं वापरू नका असं सांगणारा मी कोण? वापरा. फक्त मोजून वापरा.

कागद

इथे मात्र मी कडक आहे. गाडी एकवेळ भंगार चालेल, कागद भंगार चालणार नाही.

आरसी बघा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा, आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाका. एमएच ३२ असो की दुसरा कुठला, मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, विमा, कर्जाचा बोजा कळतो, ई-चलान किती बाकी आहेत तेही तिथेच बघून घ्या. बोजा दिसत असेल तर "कर्ज केव्हाच फेडलं" हे तोंडी चालत नाही. फायनान्सवाल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ पाहिजे.

बंद ब्रँडच्या गाड्या बहुतेक जुन्या असतात, म्हणून नोंदणीची तारीख फार महत्त्वाची. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षं चालते. नंतर गाडी दाखवून ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून याची फी ३०० वरून १,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीसाठी २,००० केली गेली. शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. मुदत संपून गेली असेल तर उशिराचा दंड महिन्यागणिक चढत जातो. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावलेली आहे का बघा, दुचाकीसाठी ४५० रुपये अधिक जीएसटी. हे सगळं मिळवलं की "१५ हजारांची" गाडी किती हजारांची होते ते कळेल. मुदत संपलेली आणि ऑनलाइन रेकॉर्डवर न दिसणारी गाडी असेल तर तिला किलोच्या भावानेच मोजा.

विमा बंद असेल तर थर्ड पार्टी तरी पहिल्या दिवशी काढा. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला जून २०२२ पासून ७१४ रुपये अधिक जीएसटी असा दर ठरलाय. कंपनी बंद झाली म्हणून इथे काही जास्त लागत नाही. विमा चालू असेल तर १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: नाव बदलणं. आपल्याकडे सर्रास काय होतं? विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, घेणाऱ्याने ते कपाटात ठेवले, आणि गाडी तीन हात फिरली तरी आरसीवर पहिल्याचंच नाव. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. त्या प्रकरणातली गाडी एकामागोमाग अनेकांना विकली गेली होती, तरीही जबाबदार ठरला तो नोंदीतला मालक. म्हणजे उद्या तुम्ही गाडी विकणारे असाल तेव्हा ही गोष्ट तुमच्यावर उलटते. आणि घेणारे असाल तर गाडी तुमच्या ताब्यात, विमा दुसऱ्याच्या नावावर, अपघात झाला तर कोर्टात फेऱ्या. कायद्याने घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो. विकणाऱ्यालाच बरोबर घेऊन करा, कारण त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी लागला तर महिन्याभराने तो फोन उचलेलच असं नाही.

पैसे यूपीआयने किंवा बँकेतून द्या. पुरावा राहतो, आणि दुसरं कारण करातलं आहे. हिशोबाची पुस्तकं ठेवणाऱ्या धंद्यात अशी मालमत्ता घेताना एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर त्या रकमेवर घसारा धरता येत नाही. पावती साध्या कागदावर का होईना, तारीख, वेळ आणि गाडीचे दोन्ही नंबर लिहून घ्या. वेळ लिहायला विसरू नका. सकाळी अकराला गाडी घेतली आणि त्याच सकाळी नऊला विकणाऱ्याने सिग्नल तोडला असेल, तर ते चलान कोणाचं यावर भांडण नको.

विकायला म्हणून घेणाऱ्यांसाठी

काही जण विचारतात, आरएक्स १०० घेऊन, रंगवून, महाग विकण्याचा धंदा कसा आहे? ही वेगळी गोष्ट आहे. यामाहाची आरएक्स १०० बनवायची १९९६ मध्ये थांबली आणि तिची किंमत तेव्हापासून वरच जातेय. इथे गाडी तुमचं वाहन नाही, तुमचा माल आहे. ती उभी राहिली तर रोजची लाइन बुडत नाही, फक्त पैसा अडकतो. पण ज्या मालाला जास्त भाव असतो त्यात भेसळही जास्त होते. नकली पार्ट, दुसऱ्याच गाडीची चेसिस, घासून परत ठोकलेले नंबर. ज्याला मूळ आणि नकली इंजिन कव्हर हातात घेऊन ओळखता येत नाही त्याने या धंद्यात पहिल्याच दिवशी पैसे टाकू नयेत. आधी वर्षभर एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या दुकानात बसा.

शेवटी एक बारीक गोष्ट, जी व्यवहाराच्या गडबडीत सगळे विसरतात. गाडी घेताना दोन्ही किल्ल्या मागा. एकच आहे असं सांगितलं तर दुसरी बनवून मिळते का ते त्याच दिवशी बघा. आणि जुन्या मालकाकडे मूळ मॅन्युअल किंवा पार्ट कॅटलॉग पडलेलं असेल तर ते मागून घ्या. तो रद्दी समजून देऊन टाकेल, पण त्यातला पार्ट नंबर लांबच्या दुकानदाराला सांगितला की फोटो पाठवण्याची आणि चुकीचा पार्ट येण्याची अर्धी कटकट कमी होते.